पैसे मोजून लिहून घेतलेले निबंध आणि त्यामागचा धंदा

टिपकागद

मंडळी, धागा जरा लांबणार आहे, पण विषयच तसा आहे.

मी पदव्युत्तर वर्गांना शिकवते. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार दिसते. वर्गात ज्याला आपलं म्हणणं दोन वाक्यांत सांगता येत नाही, त्याचा निबंध अतिशय सफाईदार येतो. मांडणी नेटकी, संदर्भ जागच्या जागी, उतारा कुठूनही उचललेला नाही. सॉफ्टवेअरचा अहवाल स्वच्छ. मग मी विचारते, "हा तिसरा परिच्छेद जरा समजावून सांग." तो परिच्छेद त्याने वाचलेलासुद्धा नसतो.

हे वाङ्मयचौर्य नव्हे. चोरलेल्या मजकुराचा मूळ मालक सापडतो. इथे मूळ मालकाने स्वतःच पैसे घेऊन मजकूर विकलेला असतो आणि तो दुसऱ्या कुणालाही दिसलेला नसतो, म्हणून तुलना करायला काहीच हाती लागत नाही. रॉबर्ट क्लार्क आणि थॉमस लँकेस्टर या ब्रिटिश प्राध्यापकांनी २००६ मध्ये यावर पहिल्यांदा नीट बोट ठेवलं. प्रोग्रॅमिंगची कामं बोलीवर देणाऱ्या एका संकेतस्थळावर विद्यार्थी सरळ आपल्या असाइनमेंट टाकत होते. तेव्हापासून याला ‘कॉन्ट्रॅक्ट चीटिंग’ म्हणतात. पुढे स्वान्सी विद्यापीठाच्या फिलिप न्यूटन यांनी १९७८ पासूनची विद्यार्थ्यांची सर्वेक्षणं एकत्र करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. पैसे देऊन काम करून घेतल्याचं कबूल करणाऱ्यांचं प्रमाण सगळ्या काळात मिळून ३.५ टक्के होतं, पण २०१४ नंतरच्या नमुन्यांत ते १५.७ टक्के निघालं. आणि हे कबूल करणारे. न करणाऱ्यांचा हिशेब कोण ठेवणार?

या कंपन्यांची संकेतस्थळं मी बारकाईने वाचली आहेत. जवळजवळ प्रत्येकीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा मजकूर केवळ संदर्भासाठी आहे, नमुना म्हणून वापरावा, स्वतःच्या नावाने सादर करू नये. त्याच पानावर वर ठळक अक्षरांत हमी असते: शंभर टक्के मौलिक, कुठल्याही तपासणीत सापडणार नाही, तुमचं नाव गुप्त राहील, मुदतीच्या आत मिळेल. आता ज्याला फक्त नमुना वाचायचा आहे, त्याला तो तपासणीत सापडला काय आणि न सापडला काय? गुप्ततेची त्याला गरजच कशाला? या दोन वाक्यांतली तफावत पाहिली की विकणाऱ्याला आपण काय विकतोय हे पुरतं ठाऊक आहे, याबद्दल शंका उरत नाही.

माझं स्पष्ट मत सांगते. विकत घेणारा चुकतो, लिहिणारा चुकतो आणि मधला दलाल सर्वांत जास्त चुकतो. पण हा धंदा उभा राहतो तो एका रिकाम्या जागेवर. ती जागा आमची, शिक्षकांची आहे. विद्यार्थी कसा लिहितो हे ज्या वर्गात कुणालाच ठाऊक नसतं, तिथे कुणीही त्याच्या नावाने लिहू शकतं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः या व्यवसायात कुणी काम केलं असेल तर आवर्जून.

---

जुनी_पानं

टिपकागदताई, चांगला विषय. थोडा इतिहास जोडतो, कारण हे सगळं इंटरनेटचं पाप आहे असा समज पसरलेला दिसतो.

अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टर्मपेपर विकणाऱ्या कंपन्या विद्यापीठांच्या आसपास उघड जाहिराती देऊन चालत होत्या. तयार निबंधांची सूची असायची, नवा हवा असेल तर लिहूनही मिळायचा. न्यूयॉर्क राज्याने त्याच काळात त्याविरुद्ध कायदा केला. १९९७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने इंटरनेटवरच्या विक्रेत्यांवर दावा लावला, पण तो न्यायालयात टिकला नाही.

अलीकडचे कायदे जास्त नेमके आहेत. न्यूझीलंडने २०११ मध्ये, आयर्लंडने २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने एप्रिल २०२२ मध्ये अशी सेवा पुरवणं आणि तिची जाहिरात करणं हा गुन्हा ठरवला. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक पुरवठादाराला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यातली मला महत्त्वाची वाटलेली बाब म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या कायद्यांचा रोख विक्रेत्यावर आहे. विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवलेलं नाही, त्याचं काय करायचं ते विद्यापीठाने बघायचं. हे मला योग्य वाटतं.

अडचण अशी की विक्रेता एका देशात, लेखक दुसऱ्या, सर्व्हर तिसऱ्या आणि विद्यार्थी चौथ्या. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या नियामक संस्थेने, म्हणजे टेक्साने, दुसरा मार्ग धरला. २०२१ मध्ये फेडरल न्यायालयाकडून आदेश मिळवून इंटरनेट कंपन्यांना असं एक संकेतस्थळ बंद करायला लावलं. पुढच्या वर्षी एका दमात चाळीस संकेतस्थळं अडवली. माणूस हाताला लागत नसेल तर निदान दुकानाचं दार लावून घ्यायचं.

---

काजळमाया_२

दार लावून काय होतं? एकच कंपनी वेगवेगळ्या नावांनी कितीतरी संकेतस्थळं चालवते. एक गेलं की दुसरं. त्यांची ‘तुलना’ करून तारे देणारी संकेतस्थळंही बऱ्याचदा त्यांचीच असतात.

---

शाईवाला

टिपकागद यांनी आवर्जून विचारलंय म्हणून लिहितो. मी हे काम काही वर्षं केलं. आता करत नाही, दुसरी नोकरी मिळाली म्हणून सुटलं. इथे बहुतेकांना या धंद्याचं आतलं चित्र माहीत नसतं, ते सांगतो. बरंवाईट तुम्ही ठरवा.

गिऱ्हाईक फॉर्म भरतं. विषय, पातळी (पदवी, पदव्युत्तर, पीएचडी), पानं, मुदत. पान म्हणजे बहुतेक ठिकाणी २७५ शब्द. किंमत ठरते ती मुख्यतः मुदतीवर. तोच निबंध दोन आठवड्यांनी हवा असेल तर एक भाव आणि उद्या सकाळी हवा असेल तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे कंपनी खरं तर घबराट विकते. शेवटच्या रात्री आलेला विद्यार्थी घासाघीस करत नाही.

संकेतस्थळावर लेखकांचे फोटो आणि पदव्या असतात. मी ज्या नावाने लिहायचो ते नाव माझं नव्हतं, फोटो माझा नव्हता आणि त्याच्याखालची डॉक्टरेटही माझी नव्हती. लेखकाच्या हाती येते ती गिऱ्हाइकाने भरलेल्या रकमेतली लहानशी वाटणी. तिच्यातूनही कापाकापी चालते. उशीर झाला, दंड. गिऱ्हाइकाने तक्रार केली, दंड. दुरुस्त्या फुकट, कितीही वेळा. आणि गिऱ्हाइकाला कमी गुण पडले म्हणून त्याने पैसे परत मागितले, तर ते लेखकाच्या खात्यातून जातात, कंपनीच्या नाही.

केनियात, विशेषतः नैरोबीत, हे काम हजारो तरुण पदवीधर करतात. तिकडचे काहीजण माझ्याबरोबर त्याच व्यासपीठांवर होते. चांगलं इंग्रजी, चांगली पदवी, पण पदवीला साजेशी नोकरी नाही. उत्तम रेटिंग असलेलं लेखकाचं खातं ही तिथे मालमत्ता असते. ते भाड्याने दिलं जातं, विकलंही जातं. खात्याचा मालक काम घेतो, स्वतःचा वाटा ठेवून खाली देतो, आणि खालचा कधीकधी आणखी खाली. निबंध प्रत्यक्षात कुणी लिहिला हे शेवटी कंपनीलाही माहीत नसतं.

वरती म्हटलंय की लिहिणारा चुकतो. मला एवढंच म्हणायचंय की या साखळीत जो खरोखर वाचतो, विचार करतो आणि लिहितो, त्यालाच सर्वांत कमी मिळतं. आणि त्याचं नाव कुठल्याही पदवीवर येत नाही. मी समाजशास्त्रावर लिहिलं, नर्सिंगवर लिहिलं, शिक्षणशास्त्रावर लिहिलं. त्या विषयांत कुणीतरी पदवीधर झालं असणार. ज्ञान मात्र माझ्याकडे राहिलं आणि त्याचा मला कागदोपत्री काहीही उपयोग नाही.

---

टिपकागद

शाईवाला, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादातली एक ओळ मला अस्वस्थ करते. नर्सिंगवर लिहिलंत म्हणालात. त्यावर कुणीतरी लिहावं अशी इच्छा आहे.

---

परिचारिका_रात्रपाळी

मी लिहिते, कारण नावावरून कळतंच आहे मी कोण.

"दोघांच्या राजीखुशीने झालेला व्यवहार आहे, तिसऱ्याचं काय जातं?" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. तिसऱ्याचं जातं. पदवी हे कुणाला उद्देशून लिहिलेलं पत्र असतं? ते विद्यार्थ्यासाठी नसतं, विद्यापीठासाठीही नसतं. ते रुग्णासाठी असतं, पुलावरून जाणाऱ्यासाठी असतं, मुलाला शाळेत पाठवणाऱ्या आईसाठी असतं. ‘या माणसाला हे येतं, तुम्ही निर्धास्त राहा’ असं त्या कागदावर लिहिलेलं असतं. निबंधाच्या खरेदीविक्रीत तो तिसरा माणूस हजर नसतो आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

आमच्या शिक्षणात केस स्टडी लिहाव्या लागतात. रुग्णाची लक्षणं, त्यावरून काढलेला अर्थ, दिलेली काळजी, त्यामागचं कारण. अनेकांना हे कागद काळे करणं वाटतं. पण डोस मोजताना, रुग्णाच्या श्वासाचा वेग बदलला तर डॉक्टरला आत्ता उठवायचं की अर्धा तास थांबायचं हे ठरवताना, डोकं ज्या पायऱ्यांनी चालतं त्या पायऱ्या तिथेच घडतात. ज्याने ते लिहिलं नाही त्याने तो विचार केलेला नाही. शाईवाला, तुमच्या परिस्थितीबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. तरीही ज्या मुलीसाठी तुम्ही लिहिलंत, ती माझ्या वॉर्डात रात्री एकटी ड्यूटीवर असावी असं मला वाटत नाही.

---

शाईवाला

मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधणारही नाही.

---

दुसरी_बाजू

सगळे विद्यार्थ्याला लबाड ठरवायला निघालेत, म्हणून लिहावं लागतंय.

मी परक्या देशात, परक्या भाषेत शिकलो. पहिल्या सत्रात माझी अडचण विषयाची नव्हती. ‘चिकित्सक विश्लेषण करा’ म्हणजे नेमकं काय करायचं हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. तोपर्यंतचं माझं सगळं शिक्षण पुस्तकातलं उत्तर नीट उतरवण्याचं. आठवड्यात तीन असाइनमेंट, त्यात नोकरी, वर फीचं कर्ज. नापास झालो तर व्हिसा धोक्यात. मी निबंध विकत घेतला नाही, पण माझ्याबरोबरच्या ज्यांनी घेतला त्यांच्यातले बहुतेक आळशी नव्हते, घाबरलेले होते.

हे नुसतं माझं मत नाही. ऑस्ट्रेलियात ट्रेसी ब्रेटॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ विद्यापीठांतल्या चौदा हजारांवर विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण केलं होतं. दुसऱ्याकडून काम करून घेण्याशी तीन गोष्टींचा संबंध दिसला: घरी इंग्रजीव्यतिरिक्त भाषा बोलली जाणं, शिकवण्याबद्दल असमाधान, आणि फसवायला भरपूर वाव आहे अशी समजूत. पहिल्या गोष्टीवरून परदेशी विद्यार्थ्यांवर बोट दाखवणं सोपं असतं. दुसरी आणि तिसरी गोष्ट विद्यापीठाच्या हातात आहे, त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

आणि जाहिराती कशा येतात ते पाहा. सोशल मीडियावर नुसतं "असाइनमेंटने डोकं उठलंय" असं लिहिलं की काही मिनिटांत अनोळखी खाती हजर होतात: "मी मदत करू?" बीबीसीने २०१८ मध्ये शोध घेतला तेव्हा युक्रेनमधल्या एका कंपनीची जाहिरात करणारे अडीचशेहून जास्त यूट्यूब चॅनल सापडले. गप्पा, खेळ, फॅशनचे चॅनल. बघणाऱ्यांत शाळकरी मुलंही होती. ती मुलं कॉलेजात पाऊल ठेवायच्या आधीच त्यांना सांगितलं जात होतं की निबंध कुणीतरी लिहून देतो आणि त्यात काही गैर नाही.

---

काजळमाया_२

भीती खरी आहे, मान्य. पण त्याच वर्गात तितकीच घाबरलेली, तितकीच कर्जात बुडालेली मुलं रात्र जागून स्वतः वाकडंतिकडं लिहितात आणि काठावर पास होतात. विकत घेतलेल्या निबंधाला त्यांच्यापेक्षा जास्त गुण मिळतात. या मुलांच्या बाजूने कोण बोलणार?

---

दुसरी_बाजू

काजळमाया, त्यांच्यात मीही होतो. त्यांच्या बाजूने बोलायचं असेल तर त्यांना लिहायला शिकवावं लागेल. पकडापकडीने त्यांचे गुण वाढत नाहीत.

---

अर्धविराम

तपासणी सॉफ्टवेअरबद्दल थोडं. मी ग्रंथालयात या अहवालांचंच काम बघते.

टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर साम्य मोजतं. हा मजकूर आधी कुठे आलाय का, एवढंच ते सांगतं. आपल्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतही टप्पे साम्याच्या टक्क्यांवरच ठरवले आहेत: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या. नकलेसाठी हे ठीक आहे. मागणीबरहुकूम नव्याने लिहिलेल्या प्रबंधाचं साम्य मात्र प्रामाणिक विद्यार्थ्याच्या प्रबंधापेक्षाही कमी येऊ शकतं, कारण विकणाऱ्याने ते देण्याआधी तपासून घेतलेलं असतं. मार्गदर्शक मला विचारतात, "टक्के किती?" मी सांगते, "चार." ते समाधानाने सही करतात. चार टक्के म्हणजे प्रबंध विद्यार्थ्याने लिहिला असा अर्थ होत नाही, हे मी आता प्रत्येक वेळी तोंडाने सांगते.

मग पकडतं कोण? वाचणारा माणूस. डीकिन विद्यापीठात फिलिप डॉसन आणि वेंडी सदरलँड-स्मिथ यांनी एक छोटा प्रयोग केला होता. सात परीक्षकांना मानसशास्त्राचे प्रत्येकी वीस निबंध दिले आणि सांगितलं की यातले काही विकत घेतलेले आहेत. विकत घेतलेले त्यांनी ६२ टक्के वेळा ओळखले आणि खऱ्या विद्यार्थ्यांचे ९६ टक्के वेळा खरे म्हणून ओळखले. प्रयोग लहान आहे, सात जणांवरून फार मोठं काही ठरवू नये. तरी नुसत्या "अशी शक्यता आहे, लक्ष ठेवा" या सूचनेने एवढं साधलं, ही मोठी गोष्ट आहे. एरवी परीक्षक गृहीत धरूनच वाचतो की नाव ज्याचं, लिखाण त्याचं.

खुणाही असतात. फाइलच्या गुणधर्मांत दुसऱ्याच कुणाचं नाव. पाच हजार शब्दांच्या फाइलवर संपादनाचा वेळ दहा मिनिटं. वर्गात नेमलेलं एकही पुस्तक संदर्भांत नाही, पण विद्यार्थ्याला ज्या नियतकालिकांपर्यंत पोहोचताच येत नाही त्यांचे दाखले. प्रश्नाच्या जवळपास फिरणारं पण प्रश्नाला न भिडणारं उत्तर. यातली एकही खूण म्हणजे पुरावा नव्हे. मित्राच्या लॅपटॉपवर लिहिलं तरी दुसऱ्याचं नाव येतं. खूण दिसली की विद्यार्थ्याला बोलावून त्याच्याशी बोलावं, इतकंच.

---

नवा_पट

इतके प्रतिसाद आले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाव कुणी घेतलं नाही? २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि या धंद्याचा पायाच हलला. विद्यार्थ्यांना उत्तरं पुरवणाऱ्या चेग या अमेरिकी कंपनीने मे २०२३ मध्ये मान्य केलं की चॅटजीपीटीमुळे नवे ग्राहक घटताहेत, आणि एका दिवसात तिचा शेअर जवळपास निम्म्यावर आला. जे काम दुसऱ्याला पैसे देऊन व्हायचं ते आता फुकट होतं. तेव्हा हा धागा जरा जुन्या लढाईवर चाललाय असं वाटतं.

---

अर्धविराम

नवा_पट, लढाई तीच आहे. लिहिणारा बदलला, सादर करणाऱ्याने न लिहिण्याची गोष्ट तशीच राहिली.

उलट आता भलत्यावरच आळ येण्याची भीती वाढली आहे. यंत्राने लिहिलेलं ओळखणारं यंत्र खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतलं. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निबंध अशा ओळखयंत्रांनी सरासरी निम्म्याहून जास्त वेळा यंत्राचे ठरवले. साधी वाक्यं, मोजका शब्दसंग्रह, म्हणून संशय. ‘दुसरी_बाजू’ यांच्यासारखा विद्यार्थी रात्र जागून लिहिणार आणि यंत्र त्याला खोटं ठरवणार. अशा आकड्यावरून कुणाचं वर्ष वाया घालवणं हा अन्याय आहे, आणि माझ्या परीने मी तो होऊ देणार नाही.

---

शाईवाला

या बदलाचं आतलं चित्र: काम सोडलं तरी जुन्या सोबत्यांशी बोलणं आहे. साधे, लहान निबंध येणं एकदम आटलं. आता येतं ते यंत्राने लिहिलेलं ‘माणसाळवून’ देण्याचं काम. मोबदला आणखी कमी. मोठे प्रबंध, आकडेवारीचं विश्लेषण, ऑनलाइन संपूर्ण कोर्स दुसऱ्याच्या लॉगिनने पूर्ण करून देणं, हे मात्र चालूच आहे.

---

सावध_पालक

माझा प्रश्न वेगळा आहे. नात्यातल्या एका मुलाने अशा कंपनीकडून एक निबंध घेतला. आता त्याच्याकडे आणखी पैसे मागताहेत, नाही दिले तर कॉलेजला कळवू म्हणतात. घरी सांगायची त्याची हिंमत होत नव्हती, मला सांगितलं. काय करावं?

---

जुनी_पानं

पहिली गोष्ट, पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. कंपनीकडे त्याचं नाव, ईमेल, कॉलेज, कधीकधी लॉगिनचा पासवर्डसुद्धा असतो. ‘संपूर्ण गुप्तता’ म्हणून जी विकली जाते तीच त्यांच्या हातातली दोरी असते. अशी खंडणी हा या धंद्याचा ओळखीचा भाग आहे आणि परदेशातली विद्यापीठं विद्यार्थ्यांना त्याबद्दल जाहीर इशारे देतात.

पासवर्ड आजच बदलायला सांगा. सगळे संदेश, पावत्या जपून ठेवा, काही पुसू नका. आणि त्याने स्वतः जाऊन कॉलेजात सांगावं. शिक्षा होईल, कदाचित तो पेपर रद्द होईल. पण आपणहून आलेल्याकडे आणि पकडल्या गेलेल्याकडे कुठलीही समिती एकाच नजरेने पाहत नाही. धमकीचे संदेश सोबत असतील तर पोलिसांच्या सायबर विभागातही तक्रार करता येते.

---

टिपकागद

सावध_पालक, जुनी_पानं यांच्याशी पूर्ण सहमत. आणखी एक सांगते. त्या मुलाबरोबर कुणीतरी मोठ्याने जावं, अगदी खोलीच्या दारापर्यंत तरी. माझ्याकडे असे विद्यार्थी आले आहेत. ते एकटे येतात आणि त्यांना वाटतं की आयुष्य संपलं. एका निबंधाने आयुष्य संपत नाही, हे त्यांना समोरासमोर सांगणारं कुणी हवं.

---

प्रबंधछाया

एक प्रामाणिक शंका. मी प्रबंधांचं भाषासंपादन करते, हाच माझा व्यवसाय. वाक्यं सुधारते, परिच्छेद हलवायला सुचवते, संदर्भसूची शिस्तीत लावते. मग मी कुठे उभी आहे? कधीकधी विद्यार्थी म्हणतो, "मॅडम, हा निष्कर्षाचा भाग तेवढा तुम्हीच लिहून टाका, तुम्हाला आता सगळं माहीत आहे." मी नाही म्हणते, पण रेषा नेमकी कुठे ओढायची हे मलाही दर वेळी ठरवावं लागतं.

---

टिपकागद

प्रबंधछाया, फार महत्त्वाचं विचारलंत. मी दोन गोष्टी बघते. एक, विचार कुणाचा आहे. तुम्ही वाक्य सरळ केलंत, पण त्यातलं विधान त्याचंच राहिलं, तर ती भाषेची मदत. विधानच तुमचं असेल तर तो तुमचा प्रबंध. दोन, ही मदत मार्गदर्शकासमोर उघड सांगता येते का. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ‘भाषासंपादन: अमुक’ असं छापता येत असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. अशी ओळ लिहायला विद्यार्थी कचरत असेल तर तुम्ही जे करताय ते संपादनापलीकडे गेलंय. निष्कर्ष लिहायला तुम्ही नकार देता तो अगदी योग्य आहे. निष्कर्षासाठीच तर पीएचडी देतात.

पुढच्या सत्रापासून मी स्वतः काय करणार ते इथे लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही विचारू शकाल. पहिल्याच आठवड्यात वर्गात बसवून हाताने एक पान लिहून घेणार, गुणांसाठी नाही, प्रत्येकाची भाषा ओळखीची व्हावी म्हणून. निबंध तीन टप्प्यांत मागणार: आराखडा, कच्चा खर्डा, अंतिम. आणि जमा केल्यावर प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलणार. वर्ग मोठा आहे, वेळ जाणार आहे. त्यासाठी मी एक असाइनमेंट पूर्ण काढून टाकतेय. न वाचलेल्या तीन निबंधांपेक्षा वाचलेले दोन बरे.

शाईवाला, तुम्हाला शेवटचा प्रश्न. याने तुमच्या जुन्या धंद्यात काही फरक पडला असता का? खरं सांगा.

---

शाईवाला

खरं सांगतो. आराखडा आणि खर्ड्याने फारसा फरक पडत नाही. आम्ही तेही विकायचो. ‘खर्ड्यात मुद्दाम चुका ठेवून द्या’ अशा ऑर्डरी असायच्या.

हाताने लिहिलेल्या पानाने पडला असता. एका गिऱ्हाइकाने आधी वर्गात लिहिलेलं स्वतःचं पान पाठवलं होतं, ‘असंच लिहा’ म्हणून. तसं लिहायला मला नेहमीच्या तिप्पट वेळ लागला आणि मोबदला तोच. असं काम लेखक दुसऱ्यांदा घेत नाही.

आणि पाच मिनिटांच्या बोलण्याने सर्वांत जास्त. तोंडी प्रश्न होणार असतील तर गिऱ्हाईक निबंधाबरोबर संभाव्य प्रश्नोत्तरंही मागायचं. ती मी लिहून द्यायचो. पण तेवढं पाठ करून, समजून घेऊन शिक्षकासमोर बसायचं, तर निबंध लिहिण्याइतकीच मेहनत होते. बऱ्याच जणांनी अशा वेळी ऑर्डर रद्द केली. त्यांनी नंतर स्वतः लिहिलं की विषयच सोडला, ते मला कळलं नाही.

पाच मिनिटं ठेवा, पण प्रश्न आधी सांगू नका. आणि "हे का लिहिलंस" विचारण्याऐवजी "यातलं काय काढून टाकलंस" असं विचारा. त्याचं उत्तर मला कधीच पुरवता आलं नसतं.